उसने नाव आणि त्याची परतफेड

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या निमंत्रकांनी हा विषय मला दिला तेव्हा मी थोडा बिचकलो. नव्या तंत्रज्ञानाच्या कंपन्या काढणारे संस्थापक स्वतःची टिमकी कशी वाजवतात आणि त्यांची प्रतिष्ठा कशी तयार होते, याच्याशी आपणां कार्यकर्त्यांचा संबंध काय, असे मला वाटले. श्रीमंतांनी श्रीमंतांना फसवले तर त्याचा हिशेब त्यांनी आपापसांत करावा. हे मत बदलण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. तो आधी सांगतो. म्हणजे पुढे जी परदेशची नावे आणि आकडे येतील, ते कशासाठी येत आहेत हे आपल्या ध्यानात राहील.

आमच्या संघटनेत उभे आयुष्य घालवलेल्या एका एस.टी. कामगाराचा मुलगा पुण्यातल्या एका स्टार्टअपमध्ये नोकरीला होता. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. तीन महिन्यांचा पगार थकला, मग एके दिवशी कचेरीच बंद झाली. त्या थकलेल्या तीन महिन्यांतच कंपनीच्या संस्थापकाचा एका समारंभात सत्कार झाला होता आणि त्या सत्काराचे छायाचित्र या मुलाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत गौरव करून, सर्वत्र पाठवले होते. तसे करणे हा तिथे कामाचाच भाग समजला जाई. त्याचे ते लिखाण वाचून त्याच्या तालुक्यातली दोन मुले त्याच कंपनीत रुजू झाली. आता ती त्याच्याशी बोलत नाहीत.

तो माझ्याकडे आला तेव्हा पैशांबद्दल प्रथम बोललाच नाही. त्याने विचारले, “काका, मी कामगार आहे का हो?” त्याच्या ओळखपत्रावर ‘मॅनेजर’ असे छापलेले होते. त्याच्या हाताखाली कोणी नव्हते. रजा मंजूर करण्याचा अधिकार त्याला नव्हता. स्वतःची रजाही त्याला मागून घ्यावी लागे. पण वडिलांना त्या शब्दाचा अभिमान वाटला होता आणि गावात तो शब्द सांगितला गेला होता.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी जे वाचले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

आपल्या गावच्या चौकात फ्लेक्स लागतो आणि त्यावर हसऱ्या चेहऱ्याखाली ‘भावी नगरसेवक’ असे लिहिलेले असते. आपण तो वाचतो आणि हसतो. का हसतो? कारण तो माणूस आपल्या माहितीतला असतो. त्याचा वॉर्ड, त्याची उधारी, त्याने बुजवलेले आणि न बुजवलेले खड्डे हे सारे आपल्याला ठाऊक असते. ‘भावी’ हा शब्द तिथे कोणालाही फसवू शकत नाही. आता अशी कल्पना करा की वाचणारा माणूस हजार मैलांवर आहे, त्या माणसाला त्याने कधी पाहिलेले नाही, आणि फ्लेक्सवरून ‘भावी’ हा शब्द कोणीतरी हलकेच पुसून टाकला आहे. मग उरतो तो केवळ ‘नगरसेवक’. स्टार्टअपच्या दुनियेतली बरीचशी प्रतिष्ठा या एका शब्दाच्या पुसण्यातून तयार होते. उद्या जे होईल अशी आशा आहे, ते आज झालेलेच आहे असे सांगावयाचे, आणि जो शहानिशा करू शकत नाही अशालाच सांगावयाचे. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेतले आहे, आणि ते न्यायालयात शाबीत झालेले असल्यामुळे त्यावर निःशंकपणे बोलता येते.

२००३ साली एलिझाबेथ होम्स या १९ वर्षांच्या मुलीने कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठातले शिक्षण सोडून एक कंपनी काढली. ती पुढे ‘थेरॅनोस’ या नावाने प्रसिद्ध झाली. बोटाला सुई टोचून काढलेल्या काही थेंब रक्तावर शेकडो प्रकारच्या तपासण्या करणारे लहानसे यंत्र आपण तयार केले आहे, असा तिचा दावा होता. कल्पना मोहक होती. ज्याने आजारी मुलाच्या दंडातून नळ्या भरभरून रक्त काढताना पाहिले आहे, त्याला ती मोहक वाटणारच. परंतु यंत्राला ते साधले नव्हते. प्रत्यक्षात ते डझनभर तपासण्याच कशाबशा करी. बाकीच्या तपासण्या इतर कंपन्यांकडून विकत घेतलेल्या यंत्रांवर गुपचूप उरकल्या जात.

यंत्र तयार नव्हते, पण नाव तयार होत होते. ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. कंपनीच्या संचालक मंडळावर जॉर्ज शुल्ट्झ आणि हेन्री किसिंजर हे दोन माजी परराष्ट्रमंत्री, विल्यम पेरी हे माजी संरक्षणमंत्री, सॅम नन हे माजी सिनेटर, आणि जेम्स मॅटिस हे निवृत्त सेनापती अशी मंडळी होती. यांतल्या एकालाही रक्ततपासणीच्या यंत्रविद्येचे ज्ञान असण्याचे कारण नव्हते. पण ही नावे वाचून पत्रकारांचा विश्वास बसला. जून २०१४ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकाने होम्सचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापले. तो लेख मग कंपनीकडून गुंतवणूकदारांना वाचावयास पाठवला जाऊ लागला. गुंतवणूकदारांनी पैसा घातला म्हणून कंपनीचे मूल्यांकन ९०० कोटी डॉलरवर गेले, आणि मूल्यांकन वाढले म्हणून आणखी मासिके आली. ‘फोर्ब्स’ने तिची व्यक्तिगत संपत्ती ४५० कोटी डॉलर ठरवली, जून २०१६ मध्ये त्याच ‘फोर्ब्स’ने ती शून्य ठरवली.

या साखळीतला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. पत्रकाराने संचालकांवर विश्वास ठेवला, गुंतवणूकदाराने पत्रकारावर, औषधांच्या दुकानदाराने गुंतवणूकदारावर, आणि रोग्याने दुकानावर. प्रयोगशाळेत जाऊन यंत्र चालते का एवढे पाहण्याचे काम प्रत्येकाने शेजाऱ्याने केलेच असेल असे धरून सोडून दिले. ज्या पत्रकाराने तो गौरवलेख लिहिला होता, त्याने २०१५ च्या अखेरीस आपली दिशाभूल कशी झाली हे जाहीरपणे लिहिले, ही गोष्ट त्याच्या प्रामाणिकपणाची म्हणून नोंदवली पाहिजे. तेवढे तरी किती जण करतात?

उसन्या नावाचा याहून उघडा नमुना खटल्यात पुढे आला. फायझर आणि शेरिंग-प्लाऊ या औषधकंपन्यांची बोधचिन्हे थेरॅनोसने स्वतः तयार केलेल्या अहवालांवर छापली होती आणि ते अहवाल इतरांना दाखवले होते. त्या कंपन्यांनी यंत्राची पाठराखण केली आहे असा वाचणाऱ्याचा समज व्हावा, अशी ती मांडणी होती. ही चिन्हे आपणच घातली, अशी कबुली होम्सने साक्षीत दिली. आपल्याकडे कर्जाच्या कागदावर न विचारता दुसऱ्याची जामीनकी लिहिली तर त्याला काय म्हणतात, हे सांगावयास नको.

अमेरिकेच्या रोखेबाजार नियंत्रकांनी मार्च २०१८ मध्ये जे आरोपपत्र दाखल केले, त्यातला एक आकडा कोणाही कार्यकर्त्याने टिपून ठेवावा. २०१४ या वर्षात कंपनीचे उत्पन्न १० कोटी डॉलरहून अधिक होईल असे गुंतवणूकदारांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्ष उत्पन्न १ लाख डॉलरच्या किंचित वर होते. अफगाणिस्तानच्या रणभूमीवर अमेरिकी सैन्य आमचे यंत्र वापरते, असेही सांगितले गेले होते. तेही खरे नव्हते.

आता आपण फसवल्या गेलेल्यांकडे वळू. कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म तिथे आहे. गुंतवणूकदारांमध्ये रूपर्ट मरडॉक होते, त्यांचे १२.५ कोटी डॉलर बुडाले. गंमत अशी की होम्सचे पितळ उघडे पाडणारा जॉन कॅरीरू हा पत्रकार मरडॉक यांच्याच मालकीच्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये होता, आणि त्याचा पहिला लेख ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथेच छापला गेला. पण मरडॉक यांची काळजी करण्याचे आपल्याला कारण नाही. ॲरिझोना राज्यात ‘वॉलग्रीन्स’ या औषधदुकानांच्या साखळीतून या तपासण्या सामान्य माणसांना विकल्या गेल्या. सुमारे पावणेदोन लाख लोकांनी त्या घेतल्या. एका गर्भवती स्त्रीला तपासणीच्या आकड्यांवरून तिचा गर्भ टिकत नाही असे समजले. आधी ज्या स्त्रीला गर्भपाताचे दुःख सोसावे लागले होते, तिला हे सांगितले गेले. पुढे तिला धडधाकट मूल झाले. ते दिवस तिने कसे काढले असतील, त्याचा आकडा कोणत्याही ताळेबंदात नाही. २०१६ साली कंपनीने आपल्या यंत्रावरचे दोन वर्षांचे सगळे निकाल रद्द म्हणून जाहीर केले.

३ जानेवारी २०२२ रोजी पंचांनी निकाल दिला. होम्स चार आरोपांत दोषी ठरली. चारही आरोप गुंतवणूकदारांच्या फसवणुकीचे होते. रोग्यांच्या फसवणुकीचे जे आरोप पंचांसमोर होते, त्यांतून ती सुटली. तिला सव्वाअकरा वर्षांची शिक्षा झाली आणि मे २०२३ मध्ये ती तुरुंगात दाखल झाली. नुकसानभरपाई म्हणून ४५ कोटी २० लाख डॉलर देण्याचा जो हुकूम तिच्यावर आणि तिचा सहकारी रमेश बलवानी याच्यावर झाला, तो मरडॉक आदी पैसे घालणाऱ्यांना द्यावयाचा आहे. पूर्ण चित्र म्हणून हेही सांगितले पाहिजे की बलवानीला वेगळ्या खटल्यात सर्व बारा आरोपांत, रोग्यांसंबंधीच्या आरोपांतही, दोषी ठरवण्यात आले आणि जवळजवळ तेरा वर्षांची शिक्षा झाली. आणि ॲरिझोना सरकारने २०१७ साली कंपनीकडून ४६ लाख ५० हजार डॉलर वसूल करून तपासण्यांचे पैसे ग्राहकांना परत करविले. तरीही होम्सच्या निकालातला फरक माझ्या मनातून जात नाही. पंचांना मी दोष देत नाही. पुढे आलेल्या पुराव्यावरून त्यांनी निर्णय केला. माझी समजूत अशी, की गुंतवणूकदारांशी ती समोरासमोर बसून खोटे बोलली होती. रोग्यांपर्यंत तिचे खोटे दुकान, जाहिरात, तंत्रज्ञ अशा पायऱ्या उतरत गेले होते. जेवढ्या पायऱ्या मध्ये, तेवढी जबाबदारी पातळ. प्रतिष्ठेचा धंदा मोठा झाला की त्याची किंमत मोजणारा माणूस नेमका सर्वांत खालच्या पायरीवर उभा असतो, आणि तिथून वरचा चेहरा दिसत नाही.

हे बिंग कोणी फोडले? परराष्ट्रमंत्र्यांनी नव्हे, सेनापतींनीही नव्हे. एरिका च्युंग आणि टायलर शुल्ट्झ या प्रयोगशाळेतल्या दोन तरुण नोकरांनी. दोघांनीही तेव्हा पंचविशी ओलांडली नव्हती. टायलर हा संचालक जॉर्ज शुल्ट्झ यांचा सख्खा नातू. नातवाने आजोबांना यंत्र चालत नाही असे सांगितले, आणि आजोबांनी नातवापेक्षा होम्सवर विश्वास ठेवला. कंपनीच्या वकिलांशी झुंजताना त्याच्या आईवडिलांना चार लाख डॉलरहून अधिक खर्च आला. एरिका च्युंगने सरकारी तपासनिसांना पत्र लिहिले. तपासणी झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये ही प्रयोगशाळा रोग्यांच्या जिवाला तातडीचा धोका आहे असा निष्कर्ष सरकारने काढला. मोठ्या नावाची रक्कम चुकती करावयाची वेळ आली तेव्हा ती लहान नावांच्या माणसांनी आपल्या पदरचे घालून चुकती केली, असे मला म्हणावेसे वाटते.

आपल्यातले कोणी विचारतील की ही एका लबाड बाईची कथा झाली. तिच्यावरून सगळ्या व्यवहारास दोष का द्यावा? प्रश्न रास्त आहे. म्हणून जिथे कोणताही गुन्हा शाबीत झालेला नाही, अशी उदाहरणेही पाहू.

न्यूयॉर्कमध्ये २०१० साली निघालेली ‘वीवर्क’ ही कंपनी इमारती दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेई आणि त्यांतल्या खोल्या व टेबले थोड्या मुदतीने पोटभाड्याने देई. मुंबईच्या कोणत्याही चाळमालकाला हा धंदा समजावून सांगावा लागणार नाही. पण तिचे संस्थापक ॲडम न्यूमन हे जगाची जाणीव उंचावण्याची भाषा बोलत, आणि ही तंत्रज्ञानाची कंपनी आहे असे सांगितले जाई. जानेवारी २०१९ मध्ये तिचे मूल्यांकन ४,७०० कोटी डॉलर झाले. त्याच ऑगस्टमध्ये भाग विक्रीस काढण्यासाठी हिशेब लोकांपुढे मांडावे लागले, आणि ते वाचल्यावर महिना-दीड महिन्यात भागविक्री मागे घ्यावी लागली व न्यूमन यांना पदावरून उतरावे लागले. ‘वी’ हा, म्हणजे ‘आम्ही’ हा शब्द कंपनीला वापरू देण्याबद्दल न्यूमन यांच्याशी संबंधित संस्थेला ५९ लाख डॉलर दिले गेले होते, हेही तेव्हा उघड झाले. टीका झाल्यावर ते परत करण्यात आले. ‘आम्ही’ या शब्दाची मालकी एकट्याकडे असावी, याहून बोलके काही मला सुचत नाही.

पुढे काय झाले? न्यूमन यांच्यासाठी ज्या करारास प्रारंभी मान्यता मिळाली, त्याची किंमत १७० कोटी डॉलरपर्यंत जात होती. नंतर त्यावर वाद झाला आणि रक्कम बरीच घटली, तरी ती कोट्यवधी डॉलरचीच राहिली. त्याच नोव्हेंबरात सुमारे २,४०० नोकरांना कामावरून काढण्यात आले. कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. आणि न्यूमन यांच्या नव्या कंपनीत २०२२ सालीच एका मोठ्या गुंतवणूक संस्थेने ३५ कोटी डॉलर घातले होते. गिरणी बंद पडली की कामगाराच्या माथी ‘बंद गिरणीचा कामगार’ हा शिक्का जन्मभर बसतो. संस्थापकाच्या खात्यात मात्र अपयशही अनुभव म्हणून जमा होते.

आपल्या देशातले उदाहरण ‘बायजूज’चे आहे. या कंपनीच्या शिक्षणविषयक हेतूंवर मी शेरा मारू इच्छित नाही. संस्थापक स्वतः उत्तम शिक्षक होते असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. पण घटनाक्रम बोलका आहे. २०१९ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर हे नाव झळकू लागले. २०२२ साली कंपनीचे मूल्यांकन २,२०० कोटी डॉलर झाले आणि कतारमधल्या फुटबॉल विश्वचषकाची ती पुरस्कर्ती झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सुमारे २,५०० नोकरांची कपात जाहीर झाली, आणि नोव्हेंबरच्या प्रारंभी लिओनेल मेस्सी याची सदिच्छादूत म्हणून घोषणा झाली. जून २०२३ मध्ये हिशेब तपासनीस सोडून गेले. जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची कारवाई सुरू केली, ती कोणाच्या अर्जावरून? क्रिकेट नियामक मंडळाच्या. थकबाकी सुमारे १५८ कोटी रुपयांची होती, आणि ती जर्सीवरच्या नावाची होती! प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या नावासाठी उधार घेतले, त्याच नावाचे बिल दारात उभे राहिले. मुलाच्या शिकवणीसाठी हप्ते बांधून घेतलेल्या आईबापांना हे कोणत्या भाषेत समजावून सांगावे?

हा केवळ माणसांच्या स्वभावाचा दोष आहे काय? मला तसे वाटत नाही. या व्यवहाराची रचनाच अशी आहे की ज्याला मोठ्याने बोलता येत नाही तो बाजूला पडतो. गुंतवणूक संस्था दहा-वीस कंपन्यांत पैसे घालतात. बहुतेक बुडणार हे धरूनच. एखादी शंभरपट वाढली की सगळे वसूल. त्यामुळे ‘माझा धंदा सावकाश, दरसाल थोडा नफा देत वाढेल’ असे खरे सांगणाऱ्याला त्यांच्या दारात जागा नसते. कंपनीची किंमत तिच्या कमाईवरून ठरत नाही. पुढचा गुंतवणूकदार काय देईल यावरून ठरते, आणि तो काय देईल हे संस्थापकाचा बोलबाला किती आहे यावर अवलंबून असते. अशा वेळी कीर्ती हे कामाचे फळ राहत नाही, ते तारण बनते. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर अमेरिकेत व्याजाचे दर अनेक वर्षे शून्याच्या आसपास होते. पैसा जागा शोधत फिरत होता. त्या काळात तर नुसत्या नावाच्या तारणावर डोंगराएवढी रक्कम उभी राहिली.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो खोटा नाही. नवे काही उभे करणाऱ्याला पुराव्याच्या आधी बोलावेच लागते. सहकारी साखर कारखाना काढणाऱ्यांनी उसाचे एक टिपरूही गाळले जाण्यापूर्वी गावोगाव फिरून भाग गोळा केले होते. आपणही सभेत जे बोलतो ते बहुतांशी भविष्यकाळातलेच असते. मग आशा कोठे संपते आणि असत्य कोठे सुरू होते? माझ्यापुरती मी एक कसोटी केली आहे. जो भागधारक गावातच राहतो, कारखान्याच्या पायाच्या खणाईपर्यंत चालत जाऊ शकतो, वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारू शकतो, त्याच्याशी भविष्यकाळात बोलणे ही आशा आहे. ज्याला पाहण्याचा मार्ग नाही, ज्याने प्रश्न विचारला तर वकिलाची नोटीस येते, आणि ज्याला आपल्या शरीराच्या किंवा पगाराच्या भरवशावर निर्णय करावा लागतो, त्याच्याशी तोच भविष्यकाळ वर्तमान म्हणून बोलणे ही फसवणूक आहे. मग तिच्यासाठी कायद्यात कलम असो वा नसो. आपल्याकडच्या किती कारखान्यांनी पुढे ही कसोटी पाळली, हा प्रश्नही आपण स्वतःला विचारावा.

दुसरी एक गोष्ट या आत्मप्रौढीत झाकली जाते. एका चेहऱ्यामागे अनेकांचे श्रम आणि बराचसा सार्वजनिक पैसा गडप होतो. मारियाना मात्सुकातो या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दाखवून दिले, की ज्या खिशातल्या फोनबद्दल एका संस्थापकाची जगभर पूजा झाली, त्यातले इंटरनेट, उपग्रहांवरून स्थान सांगणारी यंत्रणा यांसारखे मूळ शोध सरकारी पैशातून लागलेले आहेत. आणि याच्या उलट वागलेली माणसेही आहेत. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातील संशोधन संस्थेत १९८९ साली जागतिक माहितीजालाची कल्पना मांडली. एप्रिल १९९३ मध्ये सर्नने ते तंत्र कोणालाही विनामूल्य वापरण्यास खुले केले. त्यांनाही कीर्ती मिळाली. ती आधी वापर आणि मग नाव या क्रमाने मिळाली, एवढाच फरक.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. कायद्यातील ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येतून व्यवस्थापकीय काम करणारा वगळला जातो. म्हणून ओळखपत्रावरचे ‘मॅनेजर’ हे अक्षर त्या मुलाला फुकट मिळालेले नव्हते. कंपनी मोडीत निघाली तर २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याप्रमाणे कामगारांचे चोवीस महिन्यांचे येणे तारणधारक सावकारांच्या बरोबरीने धरले जाते. इतर नोकरांचे बाराच महिन्यांचे, आणि तेही त्यांच्याखालच्या पायरीवर. संस्थापकाने स्वतःसाठी प्रतिष्ठा गोळा केलीच. तिचा एक तुकडा या मुलाच्या खिशात घातला, आणि त्या तुकड्याने त्याला आपल्या हक्काच्या पायरीवरून खाली उतरवण्याची सोय करून ठेवली. परंतु छापलेले पद महत्त्वाचे नसून प्रत्यक्ष काम कोणते हे पाहावयाचे, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. म्हणून मी त्याला म्हणालो, “तू कामगार आहेस. आता ते सिद्ध करावे लागेल, एवढेच.”

कार्यकर्त्यांनी यातून काय घ्यावे? आपल्या भागात अशा कंपन्यांत काम करणारी शेकडो मुले आहेत. त्यांना आपली भाषा जुनी वाटते आणि आपल्याला त्यांची भाषा परकी वाटते. त्यांच्याकडे उपदेश घेऊन जाऊ नये. चार साधे प्रश्न घेऊन जावे. तुमच्या कंपनीचे हिशेब तपासलेले आहेत काय? पगाराऐवजी जे भाग देऊ केले आहेत, ते केव्हा आणि कोणाला विकता येतील? भविष्यनिर्वाह निधी भरला जातो काय? आणि तुमच्या नावाने जे लिहून घेतले जाते, ते तुम्ही स्वतः पडताळले आहे काय? चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो आपल्यालाही लागू आहे. आपले नाव देणे ही साक्ष आहे. पुढाऱ्याच्या सत्काराच्या पत्रकावर न वाचता सही करणाऱ्या कार्यकर्त्याने परराष्ट्रमंत्र्यांना हसू नये.

त्या मुलाने गेल्या महिन्यात एक गोष्ट केली, ती सांगून संपवतो. कंपनीबद्दल आपण जे लिहिले होते ते न पडताळता लिहिले, असे त्याने स्वतःच्या नावाने जाहीरपणे लिहिले. मग तालुक्याच्या त्या दोन मुलांच्या घरी जाऊन त्यांच्या आईवडिलांसमोर तेच तोंडाने सांगितले. एका मुलाने दार लावून घेतले. दुसरा त्याच्याबरोबर निघाला. दोघांनी मिळून कामगार आयुक्तांच्या कचेरीत अर्ज दिला आहे. सोबत आणखी अकरा जणांच्या सह्या आहेत. त्यांतल्या तिघांच्या नावापुढे ‘मॅनेजर’ आहे.

पैसे अद्याप मिळालेले नाहीत. कचेरीने पुढची तारीख दिली आहे. संस्थापकांच्या बाजूने वकील येतील. या मुलांच्या बाजूने निदान बाके तरी भरलेली असावीत. ज्यांना सवड काढता येईल त्यांनी त्या दिवशी यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.